घडीचं पान

थोरलीचा नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, याचं तिच्या आईला केवढं कौतुक होतं. सोव्हिएत काळातल्या प्रचारी व्यंगचित्रांची जुनी पुस्तकं जमवणारा जावईसुद्धा असू शकतो, हे त्या बिचारीच्या स्वप्नातही आलं नसणार. जावई दातांचा डॉक्टर. लोकांच्या दातांतल्या फटी बुजवून जे मिळायचं, ते तो पुस्तकांत घालायचा. घरातली कपाटं भरली, कपाटांच्या माथ्यावर थर चढले, आणि पाहुण्यांच्या पलंगाखालूनही ढेरपोटे भांडवलदार आणि बगलेत बाँब मारून हिंडणारे सेनापती डोकावायला लागले. रशियन भाषेचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. चित्र बोलतं, असं तो म्हणायचा. थोरलीशी मात्र ना चित्र बोलायचं, ना तो.

एवढंच असतं तर तिने सोसलं असतं. पण त्याने हा नाद आपल्या साडूलाही लावला. धाकटीचा नवरा जमिनीची मोजणी करणारा, साधासरळ माणूस. दोन वर्षांत तोही बिघडला. सुट्टी आली की दोघे पिशव्या घेऊन रद्दीवाल्यांची दुकानं पालथी घालायचे आणि धुळीने माखून, जग जिंकल्यासारखे परत यायचे.

मग एका वारलेल्या दुभाष्याच्या घरची रद्दी निघाली. डॉक्टरने तिथून एक जाडजूड पुस्तक उचललं, मोजणीवाल्याने जुन्या मासिकांचा गठ्ठा. घरी येऊन बघतात तो पुस्तकाच्या मधलं घडीचं पान, उलगडलं की टेबलभर पसरणारं, कुणीतरी फाडून नेलेलं. शेवटच्या यादीत त्या चित्राची छोटी नक्कल तेवढी होती. आणि नेमकं तेच चित्र असलेलं सुटं पान मोजणीवाल्याच्या गठ्ठ्यातून निघालं. चित्रात उंच टोप्या घातलेले दोन शेठ पृथ्वीचा गोळा दोन्हीकडून ओढत होते आणि गोळा मधोमध उसवत होता. डॉक्टर म्हणाला, हे माझ्या पुस्तकातलं. मोजणीवाला म्हणाला, माझ्या गठ्ठ्यात होतं ते माझं. शब्दाने शब्द वाढला आणि डॉक्टर सगळ्यांदेखत बोलून गेला, ‘चोर’.

साडूने ते पान फ्रेम करून भिंतीवर लावलं. धाकटीने सांगितलं, माझ्या नवऱ्याला चोर म्हटलं त्या घरात माफीशिवाय पाऊल ठेवणार नाही. आणि डॉक्टर माफी मागेल तर शपथ. या गोष्टीला चार वर्षं झाली.

थोरलीचं औषधांचं दुकान होतं. दुकानामागच्या गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर बसून दोघी बहिणी भेटत. धाकटी पोळीभाजीचा डबा आणायची, गिऱ्हाईक आलं की थोरली तोंडातला घास तसाच ठेवून उठायची. स्वतःचं चार खोल्यांचं घर असून सख्ख्या बहिणीला खोक्यावर बसवावं लागतं, याची थोरलीला लाज वाटायची. एकदा धाकटी आजारातून उठून आली, भिंतीला टेकली, आणि म्हणाली, “ताई, तुझ्या घरच्या पलंगावर जरा आडवं व्हावंसं वाटतं गं.” त्या दिवशी थोरलीच्या डोक्यावरून पाणी गेलं.

तिने ठरवलं की पान पुस्तकात घालायचं आणि पुस्तक एक वर्ष या घरी, एक वर्ष त्या घरी ठेवायचं. लहान पोरांचं खेळणं वाटून देतात तसं. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक गोदामात आणलं, धाकटीने फ्रेम उतरवून आणली. खिळे काढून पान सोडवलं, पुस्तकात ठेवलं, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

पान उंचीला पुस्तकापेक्षा चांगलं दोन बोटं आखूड होतं. पुस्तकात फाटलेल्या पानाची पट्टी अजून शिवणीला चिकटलेली होती, जाड आणि खडबडीत. हे पान गुळगुळीत, आणि त्याच्या घडीवर पिनांची गंजकी भोकं. मासिकाच्या मधलं पान होतं ते. मासिकांच्या गठ्ठ्यातच निघालेलं.

“म्हणजे पुस्तकातलं नव्हतंच?” धाकटी म्हणाली.

थोरलीने पान पुन्हा एकदा पुस्तकाला लावून बघितलं. एक माणूस आयुष्यभर दातांवर टोप्या बेतून बसवत आला, दुसरा जमिनीच्या वीतभर तुकड्यासाठी साखळी ताणत आला. पण पान पुस्तकाला लावून बघायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं, एक पुस्तक सोडेना, दुसरा पान. साप समजून चार वर्षं भुई धोपटली, आणि मार खाल्ला बहिणींनी.

तिने दोघांनाही फोन करून ताबडतोब बोलावलं. आले, एकमेकांना बघून दारातच अडले. तिने पान पुस्तकावर ठेवलं आणि बाजूला झाली. आता माना खाली जातील, असं तिला वाटलं होतं. माना खाली गेल्या खऱ्या, पण भिंगावर. डॉक्टरने खिशातून भिंग काढलं, मोजणीवाल्याने भोकांवर बोट ठेवलं, आणि बघता बघता दोघांचे चेहरे उजळले. चित्र मासिकात आधी छापलं असणार, पुस्तकात नंतर, म्हणजे हे पहिलं छापील रूप, याचा बाकीचा अंक शोधलाच पाहिजे. तुमच्या गठ्ठ्यात होता का हो? नसेल तर रविवारी जाऊ. हो, हो, जाऊ की. डॉक्टरने साडूच्या पाठीवर थाप मारली. ‘चोर’ वगैरे कुणी कुणाला म्हटलंच नव्हतं जणू.

धाकटी खोक्यांपाशी उभी होती. तिच्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही. मी काय घोडं मारलं होतं, असं विचारायलाही तिला जागा उरली नव्हती.

थोरलीने दोघांच्या डोक्यांमधून हात घालून पान उचललं, घडी केली, आणि झोपेच्या गोळ्यांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या कपाटाची किल्ली तिच्याशिवाय कुणाच्या हातात जात नसे.

“अगं, अगं, जपून!” डॉक्टर ओरडला. “बाहेर काढ ते.”

“हिची माफी मागा. घरी चला म्हणा. तुम्ही म्हणा, मी नाही.”

डॉक्टरने साडूकडे बघितलं. साडू खोक्यांवरची नावं वाचायला लागला.

“मागतो की,” डॉक्टर पुटपुटला. “पण अशी घाईगर्दीत कशी? मागेन सवडीने. तोवर पान किती दिवस कोंडून ठेवणार आहेस?”

“तुम्हा दोघांची चार वर्षं झाली,” थोरली म्हणाली. “माझी आज सुरू झाली.”

तिने किल्ली धाकटीच्या हातात दिली आणि गिऱ्हाईक बघायला बाहेर गेली.