आबांची हाळी

बोगद्यात आबांनी मला हाळ्या दिल्या आन मी ओ दिली न्हाई. ऐकू आल्या न्हाईत असं न्हाई, सगळ्या आल्या.

आबा मंजे माझे आजोबा, रंगनाथ. पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, जलमभर रुळाची खडी सारली. आवाज असा की पौर्णिमेला विहारात वंदना घ्यायला माईक लागायचा न्हाई. गल्लीतले लोक मनायचे, रंगनाथमामांनी बुद्धं सरणं धरलं की स्टेशनावर थांबलेली गाडी सुटती. आबा त्यावर वरून वरून रागवायचे. आतून लय आवडायचं त्यांना.

मी नववीत शाळा सोडली. सर सगळ्या वर्गापुढं मला लागंल असं बोलले, मी त्यांचा हजेरीपट खाली ढकलला, आन परत गेले न्हाई. त्याला दोन वर्षं झाली. घरात बसून अंगाला मुंग्या येतात. असंच मोबाईल बघता बघता एका पोराचा व्हिडिओ दिसला, गंगाखेडच्या पलीकडं डोंगरात रेल्वेचा जुना बोगदा. आबांना दाखवला.

"ह्यो तर माझा बोगदा हाय," आबा मनले. निजामाच्या काळात खोदलेला. नवी लाईन डोंगराला वळसा घालून गेली, रूळ उखडले. त्याच्याआधी आबांनी तिथं अकरा वर्षं काढली होती.

"नेता का मला?"

"फाट्यापसून पाच किलोमीटर चालावं लागतंय. चालशील का?"

"तुमीच चालाल का ते बघा."

रविवारी सकाळी यष्टीनं गंगाखेडला गेलो, तिथून जीपनं फाट्यावर. पुढं रूळ होते तिथली वाट, नुसती खडी आन दोन्ही बाजूनं घाणेरी माजलेली. आबांच्या एका चपलेचा अंगठा तुटला, ती फरफरत चालायली होती. तरी मानूस माझ्यापुढंच.

बोगद्याच्या तोंडाशी गार वारा लागला. वर छताला इंजिनाच्या धुराची काजळी अजून होती. आबा हात लावून मनले, "हे आमच्या नाकातून बी निगायचं." मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. भितीत दोन्ही बाजूला मानूस मावंल एवढे कोनाडे हायेत. गाडी आली की गँगमन त्यात अंग चोरून उभा राहायचा. आत दोघं जायचे, एक पुढं एक मागं. दर कोनाड्यापाशी पुढच्यानं हाळी द्यायची, "हाय का?" मागच्यानं मनायचं, "हाय." धुरात मानूस चक्कर येऊन पडला तर दिसायचा न्हाई. ओ आली न्हाई तर काम सोडून माघारी फिरायचं आन हुडकायचं. सापडंपतूर भाईर निगायचं न्हाई.

"आज कुठला आलाय धूर?" मी मनले.

"रीत ती रीत. तू मागं राहा."

आबांनी बत्ती घेतली न्हाई, भितीला हात लावून चालायले. माझ्या मोबाईलची बत्ती तेवढी. वाघळांचा वास, पायाखाली ओल, एका कडंला पान्याची नाली. पयल्या कोनाड्याला "हाय का?" मी, "हाय." दुसऱ्याला तसंच. मला बी मजा वाटायली. मागचं तोंड बारीक होत रुपयाएवढं राहिलं.

चौथ्या कोनाड्यापाशी आबा मनले, "संघे, सतरा नंबरचा फॉर्म आनलाय मी. भाईरून दहावी देता येती. शाळेत जायचं काम न्हाई."

"मला इच्यारलं का?"

"आत्ता इच्यारायलोय की."

"आनून झाल्यावर."

"न्हाईतर काय करतीस? दिवसभर मोबाईल घासतीस."

माझं टाळकं सरकलं. आबा पुढं निगाले. मी बत्ती बंद केली आन बाजूच्या कोनाड्यात शिरून बसले. म्हातार्‍याला जरा कळू दे, एवढंच होतं डोक्यात.

"हाय का?"

मी गप.

"संघे, हाय का?"

मग चप्पल माघारी फरफरत आली. आबा पलीकडच्या भितीला धरून चालायले होते, माझ्यासमोरून गेले. दम लागलेला ऐकू यायला. मी श्वास धरून बसले. दोन पावलं टाकली असती तर सदरा हाताला लागला असता. ते पुढं गेले आन हाळ्या देत राहिले. आधी मोठ्यानं, मग आवाज फाटला. मग धपकन आवाज आला आन पानी हालल्यासारखं झालं.

मी बत्ती लावून पळाले. आबा नालीत गुडघ्यावर बसले होते, कोपरापतूर हात पान्यात. चिखलात चाचपडून मला हुडकायले होते.

तवा खरं बोलले असते तर झालं असतं. मी मनले, "आबा, मी मागं फोटो काढायले होते. मला ऐकूच आलं न्हाई."

"एवढ्या हाळ्या दिल्या."

"एक बी न्हाई आली."

"बोगद्यात तर कुजबूज बी जाती," आबा मनले. ओल्या हातानं आपला गळा धरून बघितला.

पुढच्या पौर्णिमेला आबांनी वंदना गल्लीतल्या धम्मपालकाकाला घ्यायला दिली. "माझा आवाज पोचत न्हाई आता," मनले. लोकांना वाटलं वयाचं असंल. धम्मपालकाकानं माईक आनला. आबा मागं भितीला टेकून बसले, नुसते ओठ हालवायले. अशा चार पौर्णिमा गेल्या. मी भाईर चपलांपाशीच बसायची.

काल अंगणात आबा एकटे होते. मी सगळं सांगितलं. कोनाडा, बत्ती, सगळं.

आबा हसले. "म्हातार्‍याला बरं वाटावं मनून बोलायलीस."

"न्हाई आबा. तुमी माझ्यासमोरून गेलात. चप्पल फरफरत होती."

"ती तर दिवसभर फरफरत होती."

"तुमची हरेक हाळी ऐकली मी. खरं सांगायले."

मी वरडूनच बोलले असंन. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आन आत चुलीकडं बघून मायला मनले, "रेणुका, पोरगी शानी झाली बग. माझ्यासाटी खोटं बोलाय लागली."

माय हसली. आबा बी हसले, बारीक आवाजात.