परीक्षक क्रमांक दोन

नवरा नेत्ररोग विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा सगळ्यांनी माझंच अभिनंदन केलं. मीही त्याच विभागात, त्याच्याच वर्गात शिकलेली, आणि डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत माझा हात त्याच्यापेक्षा बरा. पण निवड समितीने मोजले शोधनिबंध. त्याचे एकेचाळीस, माझे नऊ. मधल्या वर्षांत मी दोन बाळंतपणं आणि सासूबाईंचं आजारपण काढलं, तो लिहीत बसला. सासूबाई म्हणाल्या, पद शेवटी घरातच आलं ना. माझा नुसता जळफळाट झाला. बाहेर हसत होते, घरात भांडी आपटत होते.

दीड महिन्याने एका नियतकालिकाकडून एक निबंध तपासायला आला. आमच्यात लेखकाचं नाव झाकून पाठवतात, आणि तरीही लेखक ओळखू आला, तर परीक्षकाने निबंध परत करायचा असतो. विषय होता, मधुमेहाने पडदा खराब झालेल्या बायका पुरुषांपेक्षा किती उशिरा दवाखान्यात येतात. दुसऱ्याच पानावर मी ओळखलं. अकराशे बारा रुग्ण, सहा वर्षं. ही नोंदवही माझी! तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत एकेक डोळा बघून मी भरलेली. आणि प्रत्येक मुद्दा प्रश्नाने सुरू करायची खोड नवऱ्याची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निबंध परत करायला हवा होता. नाही केला. दोन पानं ताशेरे ओढले आणि शेवटी लिहिलं, उसन्या माहितीवर, पदाच्या जोरावर लिहिलेला निबंध, नाकारावा. निबंध उत्तम होता, हे वाचतानाच कळत होतं, म्हणून तर जास्त चिडले. त्या संध्याकाळी नवऱ्याशी इतकी गोड बोलले, की त्याने विचारलं, तुला बरं नाही का?

तीन आठवड्यांनी शिंपीण माझ्या खोलीत आली. विभागातली सगळ्यात धाकटी डॉक्टर, टाके फार बारीक घालते म्हणून हे नाव. ती हंगामी होती. कायमच्या जागेसाठी तिला एकच निबंध कमी पडत होता आणि मुलाखत शुक्रवारी होती. तिच्या हातात ते दोन कागद होते, माथ्यावर 'परीक्षक क्रमांक दोन'. माझी वाक्यं मी दारातूनच ओळखली.

ती सांगत होती आणि मी ऐकत होते. नोंदवही वापरायची परवानगी सरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दिली होती, लिहायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण छापून आल्यावर दाखवायचं होतं. मग तिने परीक्षकांपासून झाकलेलं, तिच्या नावाचं पहिलं पान पुढे ठेवलं. आभारात एकच नाव होतं, माझं.

"पदाच्या जोरावर म्हणे. मॅडम, मला पद कुठंय?"

मी कागदावरून नजर काढली नाही. तो निबंध गेला म्हणजे जागाही गेली, हे तिला कळलं होतं. तिने डोळे पुसले.

"हा दोन नंबरचा परीक्षक नक्की कुणीतरी पुरुष असणार," ती म्हणाली. "नाव झाकलं तरी ओळखतात. बाई पुढे गेलेली बघवत नाही त्यांना."

"असेल," मी म्हणाले.