नायफच्या मापाची बंदूक

सिराजुद्दीन परकारला दुकानात शिरणाऱ्या माणसाचा खांदा आधी दिसायचा आणि चेहरा नंतर. रियाधच्या त्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागं उभं राहून त्याला ही खोडच लागली होती. खांदा केवढा, हात केवढा, मान आखूड की लांब. गिऱ्हाईक तंबू घ्यायला आलेलं असलं तरी याच्या मनात त्याच्या मापाची बंदूक ठरून जायची. बाणकोटला त्याचा बाप शिंपीकाम करायचा. माप घेणं आमच्या रक्तातच आहे, असं सिराजुद्दीन गमतीनं म्हणायचा आणि ते काही खोटं नव्हतं.

पण काउंटरवरचे ते दिवस आता गेले होते. सौदीकरणाचा हुकूम निघाला, दुकानांतल्या विक्रीच्या जागा सौदी पोरांसाठी राखीव झाल्या आणि एका रविवारी त्याला सांगण्यात आलं की उद्यापासून तू अल सुलैच्या गोदामात. काउंटरवर मालकाचा भाचा बसला. पोरगा भला, कुणाला वाकडं बोलायचा नाही, फक्त बंदुकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तपासणीवाले आले तर गिऱ्हाइकाशी बोलताना सिराजुद्दीन दिसता कामा नये, अशी ताकीद होती. आता बघा, ज्याला कळतं त्यानं गोदामात खोकी रचायची आणि ज्याला कळत नाही त्यानं बंदुका विकायच्या! पण भांडणार कुणाशी? देश त्यांचा, पोरं त्यांची, नोकऱ्याही त्यांच्याच. सिराजुद्दीनला हे पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच जास्त लागत होतं.

खरी धाकधूक मात्र वेगळी होती. त्याचा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, जानेवारीत संपत होता. मुलगी आलिमा बारावीला होती आणि बोर्डाची परीक्षा होती मार्चमध्ये. इकामा वाढला नाही तर बापाबरोबर सगळ्या घराला मुलूख सोडावा लागणार आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीचं वर्ष बुडणार. स्वतःसाठी त्याला काही नको होतं. मार्च जाऊ दे, मग खुशाल हाकला, एवढंच तो नमाजेनंतर मागायचा. दुकानाचा मालक अबू नायफ हाच त्याचा कफील, इकामा वाढवणं त्याच्याच हातात. त्याला त्यानं दोनदा विचारून पाहिलं होतं. दोन्ही वेळा अबू नायफ 'इन्शाअल्लाह' म्हणाला आणि दुसऱ्या विषयावर गेला. त्याचं 'हो' म्हणजे हो आणि 'नाही' म्हणजे नाही. पण 'इन्शाअल्लाह' म्हणजे बसा वाट बघत, हे बावीस वर्षांत सिराजुद्दीनला पक्कं ठाऊक झालं होतं.

तसा माणूस वाईट नव्हता हो. ईदेला घरी खजुराची पेटी पाठवायचा, आलिमा जन्मली तेव्हा हॉस्पिटलात आला होता. सुरुवातीच्या दिवसांतली एक गंमत तर तो अजून पाहुण्यांना सांगायचा. त्यानं विचारलं होतं, "चहा खलास?" म्हणजे झाला का तयार? सिराजुद्दीन नवाकोरा, बाणकोटातून आलेला. आपल्याकडे खलास म्हणजे संपलं, भांडं रिकामं. तोही म्हणाला, "खलास." मालक अर्धा तास चहाची वाट बघत बसला आणि हा भांडी घासून मोकळा. त्या एका शब्दावर दोघं किती वर्षं हसले होते. पुढे सिराजुद्दीन फाडफाड अरबी बोलायला लागला, पण खलास म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर आधी रिकामं भांडंच यायचं. घरात मैमुना, त्याची बायको, रोज ओरडायची, तेल खलास, कांदे खलास. मग दुसरं काय येणार?

डिसेंबरात एका सकाळी अबू नायफनं त्याला गोदामातून दुकानात बोलावून घेतलं. दुकान उघडायला अवकाश होता, त्यामुळे तपासणीची भीती नव्हती. आत मालक, भाचा आणि मालकाचा मुलगा नायफ. नायफ अकरा वर्षांचा. सिराजुद्दीननं सवयीनं आधी खांदा पाहिला आणि त्याला पोराची कीवच आली. एवढासा खांदा, काडीसारखे हात, मनगट तर आलिमाच्या बांगडीतून आरपार गेलं असतं. थंडीतल्या वाळवंटातल्या मुक्कामाला यंदा नायफनं स्वतःच्या बंदुकीनं ससा मारायचा, असं बापानं ठरवलं होतं. परवाना अर्थात बापाच्याच नावावर. भाच्यानं आपली अक्कल चालवून एक मोठ्या माणसाची बंदूक काढून ठेवली होती आणि दस्ता मागून कापून आखूड करू म्हणत होता.

"दस्ता कापलास तर नळी तेवढीच जड राहील," सिराजुद्दीननं त्याला समजावलं. "पोराचा डावा हात दोन मिनिटांत खाली येईल."

आणि मग कित्येक महिन्यांनी त्याला आपलं काम करायला मिळालं. त्यानं नायफला कोपर काटकोनात दुमडायला लावलं, दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात टेकवलं आणि बोटाचं पेर चापावर पोचतं का ते पाहिलं. पहिल्या बंदुकीत पोचलं नाही. दुसरीत पोचलं, पण डोळा दुर्बिणीपासून लांब पडला. मग मागच्या कपाटातून त्यानं एक छोटी बंदूक काढली. आखूड दस्ता, आखूड नळी, हलकी, बारीक काडतुसाची, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. नायफच्या खांद्यात ती चपखल बसली. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ती एकबारी होती. एक काडतूस घालायचं, एक बार काढायचा, बोल्ट, म्हणजे नळीमागची खिटी, मागं ओढायचा. भरली आहे की रिकामी, हे दहा पावलांवरूनही नुसतं बघून कळतं. शिकाऊ हाताला हीच, असं सिराजुद्दीन जन्मभर सांगत आला होता.

नायफनं तोंड वाकडं केलं. त्याच्या मावसभावाकडे मॅगझिनची होती, पाच बारांची. याला का एकाची? त्याच मापाची मॅगझिनवाली बंदूक शेजारच्याच खणात होती, ती त्यानं स्वतःच उचलली आणि उचलल्या उचलल्या नळी फिरवत भाच्याच्या पोटावर धरली. हसत हसत. बंदूक रिकामी होती, भाचाही हसला. सिराजुद्दीन मात्र पुढे झाला. त्यानं नळी बोटानं हळूच जमिनीकडे वळवली. या पोराला पाच बारांची नको, खरं तर यंदा कोणतीच नको, हे त्याला लख्ख दिसत होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात अबू नायफ मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, की रविवारी ऑफिसचा माणूस कागदपत्रं घेऊन जाणार आहे, तुझा इकामा त्याच्याकडे देतो. मग त्यानं नायफच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं.

"सिराज, दोन्ही सारख्याच ना? ही पण चांगलीच आहे ना?"

आता काय सांगावं! बावीस वर्षांत ज्यानं शेख लोकांनाही तोंडावर 'ही तुमच्यासाठी नाही' म्हणून सांगितलं, त्या सिराजुद्दीननं मूग गिळले. ससा, पोरगं, चाप, बोल्ट, काही काही त्याच्या डोळ्यांसमोर राहिलं नाही. राहिली ती टेबलाशी वाकून अभ्यास करणारी आलिमा.

"चांगली आहे," तो म्हणाला. "मापाची आहे."

मग शिकवायला तूच चल, असं अबू नायफनं सांगितलं आणि शुक्रवार ठरला.

घरी मैमुनाला हे अजिबात रुचलं नाही. ती दुपारची भाकरी थापता थापता म्हणाली, "परक्या मुलखात बंदुकीजवळ तुमी कशाला उभे ऱ्हाता? काय झालं तर कोणाचा नाव येयल?" त्यानं तिला समजावलं की आपण बंदुकीला हात लावायचा नाही, नुसतं तोंडानं सांगायचं. परदेशी माणसाच्या हातात बंदूक सापडली तर त्याची खैर नाही, हे काय त्याला माहीत नव्हतं?  आलिमानं पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "अब्बा, इकामा पक्का ना?" तो पक्का म्हणाला.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून ते निघाले. अबू नायफ गाडी चालवत होता, मागं नायफ, त्याच्या मांडीवर बंदुकीची पिशवी. शहर मागं पडलं, डांबरी रस्ता सुटला. वारा असा पडला होता की वाळूचा कणही हलत नव्हता. सिराजुद्दीनला उगाचच परत जावंसं वाटायला लागलं. काहीतरी कारण काढावं, पोट दुखतंय म्हणावं. पण रविवार दोन दिवसांवर आला होता.

चाळीस पावलांवर एका दगडावर त्यानं तीन रिकामे डबे मांडले. चटई अंथरून नायफला पोटावर झोपवलं, नळीखाली वाळूची पिशवी दिली. नियम त्यानं दोनदा सांगितले आणि दोनदा म्हणवून घेतले. पुढे माणूस असताना बोट चापावर नाही. बार संपले की मॅगझिन बाहेर, बोल्ट मागं, आणि मी बघितल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. हे तो सगळ्यांनाच सांगायचा आणि स्वतः डोळ्यांत तेल घालून पाळायचा. बोल्ट उघडून आत डोकावल्याशिवाय बंदुकीच्या पुढे तो कधी एक पाऊल गेला नव्हता.

नायफनं पाच बार काढले. दोन डबे उडाले, तिसरा तसाच राहिला. पोरगं खुशीनं लाल झालं होतं. सिराजुद्दीनलाही बरं वाटलं, खांद्यात काय बेमालूम बसली होती बंदूक!

इतक्यात मागून गाडीजवळून अबू नायफची हाक आली. त्याच्या कानाला फोन होता. त्यानं हात उंच केला आणि ओरडून सांगितलं की ऑफिसचा माणूस फोनवर आहे, सिराज, रविवारपर्यंत थांबायला नको, मोबाइलवरच तुझं काम होतंय, एक वर्षाचं होतंय. सिराजुद्दीन पाठ फिरवून ऐकत राहिला. एक वर्ष! मार्च तर सोडाच, पुढचा जानेवारी आला. त्याचे डोळे भरून आले. त्यानं तिथूनच हात जोडल्यासारखे केले आणि आलिमाला कसं सांगायचं याचे शब्द जुळवत परत वळला. मागं चटईवर नायफनं खिशातलं दुसरं मॅगझिन चढवून बोल्ट पुढे सारला होता, ते त्यानं पाहिलंच नाही.

"खलास?" त्यानं चालता चालता विचारलं. म्हणजे संपलं ना, रिकामी ना.

"खलास," नायफ म्हणाला. म्हणजे झाली, तयार आहे.

सिराजुद्दीन डब्यांकडे निघाला. रोजचा सिराजुद्दीन असता तर वाकला असता, बोल्ट पाहिला असता. आज त्याचं मन फोनमध्ये अडकलं होतं. पडलेले दोन डबे त्यानं उचलून दगडावर ठेवले, तिसऱ्याला सरळ करायला उजवा हात पुढे केला, आणि नायफला तो तिसरा डबाच पाडायचा होता. आवाज किरकोळच झाला. हात कुणीतरी झटकल्यासारखा मागं गेला. तळव्याच्या मधोमध भोक पडलं होतं आणि अंगठ्याजवळचं बोट, ज्या बोटानं त्यानं बावीस वर्षं लोकांच्या चापांची मापं घेतली, ते लोंबत होतं. चटईवरून नायफ रडत ओरडत होता, की मी खलास म्हटलं होतं, मी सांगितलं होतं तुला खलास म्हणून. वाळूत गुडघ्यांवर बसलेल्या सिराजुद्दीनला त्याचा अर्थ तेव्हा कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात पोलिसांच्या आधी अबू नायफ आला. एका रात्रीत त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं सिराजुद्दीनच्या कपाळाचं चुंबन घेतलं, मग खुर्ची ओढून हळू आवाजात बोलला. लहान मुलाच्या हातात बंदूक होती हे कागदावर आलं तर परवाना जाईल, दुकान जाईल, पोराच्या नावाला कायमचा डाग लागेल. तेव्हा सिराजनं एवढंच सांगायचं की बंदूक मी साफ करत होतो. त्यानं मोबाइल पुढे धरला. इकामा वाढलेला होता. खाली मैमुना आणि आलिमा, दोघींचीही नावं होती.

"पोरीची परीक्षा होईपर्यंत तुला कुणी हात लावणार नाही. माझी जबान," तो म्हणाला. परीक्षेनंतरचं तो काही बोलला नाही आणि सिराजुद्दीननं विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? नाही म्हटलं तर मोबाइलवर जे एका बोटानं झालं होतं, ते एका बोटानं पुसताही येत होतं. मैमुनाचं बोलणं त्याला आठवलं आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. काउंटरवर दोन शब्द बोलला असता तर आज हे बोलायची वेळ आली नसती.

अधिकारी तरुण होता, अदबीनं बोलत होता. अबू नायफ नायफला घेऊन दाराशी उभा राहिला. बंदूक कोणाच्या हातात होती? माझ्या. काडतुसं कुणी घातली? मी. अधिकारी लिहीत गेला.

"आणि ही बंदूक निवडली कुणी?"

 सगळ्या जबानीत हा एकच प्रश्न होता, ज्याचं खरं उत्तर द्यायला सिराजुद्दीनला कुणी मनाई केली नव्हती. उचलली नायफनं होती, पण 'चांगली आहे' हे शब्द त्याचेच होते.

"मी," तो म्हणाला. "मीच निवडली."

अधिकाऱ्यानं ते लिहिलं, कागद त्याच्याकडे फिरवून समोर ठेवला आणि पेनाचं टोपण लावत विचारलं, "खलास?"

दाराशी नायफ बापाच्या हाताला धरून उभा होता. सिराजुद्दीनला सवयीनं आधी त्याचा खांदा दिसला, एवढासा. मग चेहरा दिसला. पोरगं त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"खलास," सिराजुद्दीन म्हणाला.

अधिकाऱ्यानं शाईचं पॅड पुढे सरकवलं. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता, तेव्हा त्यानं डावा अंगठा दिला.