समोरच्याच्या वाक्याची जागा

यंत्रबाईला देवाचा आवाज द्यायला बोलावलंय हे कळल्यावर स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट पोट धरून हसला. "बढती झाली की हो तुमची," तो म्हणाला. हा माणूस स्वतः कधी गुणगुणतही नसे, पण दुसऱ्याच्या आवाजातली सुई पडली तरी त्याला ऐकू येई, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. यंत्रबाई हे नावही त्यानंच ठेवलेलं.

नाव काही उगीच पडलं नव्हतं. गेली तीस वर्षं तिनं यंत्रांनाच आवाज दिला होता. लिफ्ट, बँकेचा फोन, स्टेशनवरच्या घोषणा, रांगेचे नंबर सांगणारी मशीन. "कृपया प्रतीक्षा करा" हे तिनं जितक्या वेळा म्हटलं असेल तितकी वाट जन्मात कुणी कुणाची पाहिली नसेल. जिवंत माणसाचा आवाज काढायची पाळी तिच्यावर फारशी आली नाही. एकदाच आली, आणि त्या एकदाचं ओझं ती बावीस वर्षं वाहत होती.

सिनेमा असा होता. एक अवकाशयान, शंभर वर्षांचा प्रवास. तीनशे माणसं काचेच्या पेट्यांत झोपलेली आणि जागी एकटी माळीण, यानातले भाजीचे वाफे सांभाळणारी. ती रोज सकाळी कामाला लागण्याआधी देवाशी बोलते. सात वर्षं उत्तर नाही. मग एका सकाळी उत्तर येतं: "मी इथे आहे." बस, एवढंच. त्या तीन शब्दांवर बाई पुढची तीस वर्षं काढते. वाफे फुलवते, पेट्यांवरची धूळ पुसते, कुणी ऐकत नसताना गाणीसुद्धा म्हणते. अगदी म्हातारी झाल्यावर तिला समजतं की बोललं होतं ते यान. यानाच्या यंत्राला तिची दया आली होती, किंवा दयेच्या जागी यंत्राला जे काही येत असेल ते. ती विचारते, "तो आवाज तुझा होता?" आणि यान म्हणतं, "हो. माझाच होता."

हे शेवटचं वाक्य काही केल्या जमेना. दिग्दर्शिका तिशीच्या आतली, पेन्सिल चावत बसणारी पोरगी होती, पण हट्टाला पक्की. तिला त्या वाक्यात माफी नको होती आणि फुशारकीही नको होती. पहिल्या टेकला ती म्हणाली, फार अपराधी वाटतंय. पाचव्याला म्हणाली, आता बँकेचा फोन वाटतोय. सत्ताविसाव्या टेकनंतर कानसेननं काचेपलीकडून हातानंच खूण केली की आज पुरे. यंत्रबाईचा घसा कोरडा पडला होता. तीस वर्षांत तिनं कुठल्याही वाक्याला चारच्या वर टेक दिले नव्हते. (ते वाक्य पुढे एका झटक्यात झालं, पण ते नंतरचं.)

निघता निघता तिनं विचारलं की यानाचं हे उत्तर ऐकून माळीण काय म्हणते. दिग्दर्शिकेनं पेन्सिल तोंडातून काढली. म्हणाली की ते अजून तिचं तिलाच ठरवता आलेलं नाही. माळणीचं काम करणारी बाई पुढच्या आठवड्यात येणार, तोवर सुचेल. तुम्ही फक्त जागा सोडा.

जागा सोडणं हीच तर यंत्रबाईची खासियत होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत समोर कधीच कुणी नसतं. प्रत्येकजण येतो, एकटाच आपापली वाक्यं बोलतो आणि जातो. समोरच्याचं वाक्य किती लांबीचं असेल ते मनातल्या मनात मोजायचं, तेवढं थांबायचं, आणि ऐकल्यासारखं करून पुढचं बोलायचं. तिकडचं उत्तर नंतर भरतात. यंत्रबाईच्या मोजण्यात पापणी लवण्याइतकाही फरक पडत नसे. कानसेन म्हणायचा, हिच्या पोटात घड्याळ आहे.

त्या घड्याळानंच घात केला होता, पण हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

स्टुडिओतून ती रोजच्यासारखी दवाखान्यात गेली. लिफ्टमध्ये शिरली आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. "दरवाजा बंद होत आहे," तिचाच आवाज तिला म्हणाला. पहिल्या दिवशी तिला या गोष्टीचं हसू आलं होतं. आता महिना झाल्यावर अंगावर येत होतं. स्टुडिओबाहेर दिवसभरात तिच्याशी आपणहून बोलणारा तेवढा एकच आवाज उरला होता, आणि तोही तिचाच.

तिसऱ्या मजल्यावर दादा होता. तिचा सख्खा थोरला भाऊ. आईवडील गेले तेव्हा ही नऊ वर्षांची आणि तो एकोणीसचा. त्यानंच तिला वाढवलं, वेणी घालायला शिकला, शिकवण्या घेतल्या, पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागला. त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "चिमणे, जेवलीस का?" सकाळी सातला केला तरी तेच, दुपारी चारला केला तरी तेच. सत्तावन्न वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात एवढा एकच माणूस होता. महिन्यापूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि तो फोन बंद झाला. आता कुठे एकेक शब्द येऊ लागला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल, आणि तो बहुधा शेवटचा असेल.

म्हणजे सांगायचं असेल ते आताच सांगायला हवं होतं. आणि नेमकं तेच तिच्यानं होत नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी वहिनी टेबलावर चार ओळींची चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेली होती. मला शोधू नका, एवढाच त्याचा अर्थ. दादानं शोधलं नाही, पण तो जेवेना, शाळेत जाईना. रोज सकाळी खिडकीशी हात जोडून बसे आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसा देवाशी बोले. तो देवाकडे बायको परत मागत नव्हता. ती जिवंत आहे, बरी आहे, एवढा एक शब्द कुठून तरी यावा, इतकंच. चाळीस दिवस झाले. माणूस चिपाडासारखा झाला. यंत्रबाईला ते बघवेना. तीही तेव्हा देवाला मानायची, दादाशेजारी बसून हात जोडायची. पण एकेचाळिसाव्या दिवशी दुपारी तिनं स्टुडिओतला फोन उचलला आणि वहिनीच्या आवाजात दादाला फोन केला.

वहिनीचा आवाज तिच्या जिभेवर होता: किंचित नाकातला, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. वाक्यं तिनं कागदावर लिहून घेतली होती आणि मध्ये दादाच्या बोलण्याची जागा सोडली होती. "अहो, मी बोलतेय. मी बरी आहे." जागा. "माझी वाट बघू नका." जागा. "जेवत जा वेळेवर." पलीकडून दादा काहीतरी बोलला, पण तिचं सगळं ध्यान मोजण्यात होतं. शेवटचं वाक्य झाल्यावर तिनं फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून घेतलं.

त्या दिवसापासून दादा जेवायला लागला. आठवड्यानं शाळेत गेला. आणि भेटेल त्याला सांगायला लागला की देवानं माझं ऐकलं. मी हाक मारली आणि उत्तर आलं. नातेवाइकांना सांगितलं, शाळेतल्या शिपायाला सांगितलं, दाढी करणाऱ्याला सांगितलं. प्रत्येक वेळी यंत्रबाई मान खाली घालून कपात बघत राही. त्यानंतर ती खिडकीशी बसायला गेली नाही. ज्या जागी देव असायला हवा होता तिथे स्टुडिओतला फोन होता, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हात जोडायचे कुणाला? दादाकडे जाणंही कमी होत गेलं. त्याच्या देवासमोर बसायचं म्हणजे स्वतःच्या खोटेपणासमोर बसायचं. तो बोलवायचा, ती कामाची सबब सांगायची. एका शहरात राहून दोघं एकेकटी म्हातारी झाली, आणि याचं तिला फार वाईट वाटत होतं.

आज ती खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. उशीपाशी दादाचा डावा हात होता. हल्ली तो एकच हात छातीवर ठेवून डोळे मिटायचा. दोन जुळत नव्हते ना.

सांगितलं नाही तर हा खोट्यावर विश्वास ठेवून जाईल. सांगितलं तर जाताना याच्यापाशी देवही उरणार नाही. कुठलं पाप मोठं, ते तिला महिनाभर ठरवता आलं नव्हतं. आज सत्तावीस वेळा ते वाक्य बोलून तिला एवढं मात्र कळलं होतं की ते आणखी कुणा माळणीला सांगून भागणार नाही.

"दादा," ती म्हणाली, "वहिनीचा तो फोन. तो आवाज माझा होता."

तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि पोटातलं घड्याळ सुरू झालं. एक, दोन, तीन. एवढ्या बातमीला चार मोजेपर्यंत उत्तर यायला हवं. आलं नाही. दहा झाले. दादाला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या बाईनं ताकीद दिली होती की त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. वीस झाले, तीस झाले, आणि त्यानंतर तिचं मोजणं चुकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला समोरच्याचं वाक्य किती लांबीचं आहे ते माहीत नव्हतं. ती नुसती बसून राहिली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

दादानं डोळे उघडले. तोंडाची डावी बाजू हलली.

"माहीत... आहे."

तिला वाटलं, त्याला नीट समजलं नाही. तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली तसा त्यानं डावा हात उचलून तिला गप्प केलं. वर्गात पोरांना करायचा तसाच. मग एकेक शब्द शोधत, मध्ये दम खात, तो बोलला. त्याला खूप वेळ लागला.

"तेव्हाच... ओळखलं. तुला... विचारलं पण. चिमणे... जेवलीस का. तू... पुढचंच वाक्य म्हणालीस."

यंत्रबाईला ती दुपार आठवली. हातातला कागद आठवला, आणि पलीकडून आलेलं ते 'काहीतरी'. तिनं बरोबर तेवढी जागा सोडली होती. त्या जागेत दादा तिला हाक मारत होता, आणि ती आकडे मोजत होती. बावीस वर्षं तिनं ज्या गोष्टीसाठी स्वतःला कोंडून घेतलं, तिचं कुलूप पहिल्या अर्ध्या मिनिटातच उघडं होतं. तिला रडू फुटलं. वाया गेलेल्या सगळ्या सकाळी तिच्या डोळ्यांसमोर आल्या.

"मग सगळ्यांना का सांगत सुटलास," तिनं नाक ओढत विचारलं, "की देवानं ऐकलं, उत्तर आलं म्हणून?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. साधं गणित न सुटणाऱ्या पोराकडे बघावं तसा, पण मायेनं.

"आलंच... होतं की," तो म्हणाला.

आपण देवाला मानतो की नाही याचा तिला त्या क्षणी पत्ता नव्हता. तिनं त्याचा लुळा हात उचलून त्याच्या डाव्या हाताजवळ आणून ठेवला, आणि दोन्हींवर आपला हात ठेवला. खिडकीबाहेर दिवस कलला होता. दादा थकला होता. डोळे पुन्हा मिटायला लागले होते. तो झोपला असं समजून ती उठणार, एवढ्यात त्याचे ओठ हलले.

"चिमणे."

ती थांबली. या वेळी तिनं मोजलं नाही.

"जेवलीस... का?"

"नाही रे दादा," ती म्हणाली, "अजून नाही."