चेपलेल्या कोपऱ्याचा तीन

मी फासा बोलतोय. सोंगट्यांच्या पटावरचा नव्हे. मला वीस बाजू आहेत. बोराएवढं निळं प्लास्टिक, तेही हलक्या प्रतीचं. त्यामुळे कोपरे झिजून मी आता जवळजवळ गोटीच झालोय. फक्त एक कोपरा झिजलेला नाही, तो चेपलेला आहे. माझ्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं ते त्या कोपऱ्यापाशी.

एक्क्याऐंशी साली मी विस्कॉन्सिनमधल्या कागद गिरण्यांच्या गावात, डेल्मर प्रॉहास्काच्या घरी आलो. तेव्हा आम्हा फाशांवर आकडे नुसते कोरलेले असत. रंग ज्याचा त्याने भरायचा, मेणाच्या खडूने. माझ्यावर शून्य ते नऊ आकडे दोनदा आहेत. एक संच काळा, एक लाल. काळा म्हणजे आहे तसा, लाल म्हणजे वर दहा. काळा तीन म्हणजे तीन, लाल तीन म्हणजे तेरा. एवढं गणित लक्षात ठेवा बरं का, पुढे ते जिवावर बेतणार आहे.

डेल्मर गिरणीत कागदाच्या यंत्रावर असायचा आणि घरी आला की एक जग रचायचा. वेलमार त्याचं नाव. तळघराच्या भिंतीवर त्याचा नकाशा होता. नद्या, किल्ले, हद्दपार राजे, दरवर्षी मागे सरणारा समुद्र. रविवारी चर्च आणि जेवण उरकलं की मित्र बिअर अन् चीजचे तुकडे घेऊन खाली उतरत. प्रत्येकाचा वेलमारमध्ये एक माणूस असे. समोर काय उभं आहे ते डेल्मर सांगायचा, आपला माणूस काय करतो ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जिथे जीव टांगणीला लागेल तिथे मला टाकायचं.

त्या टेबलाचे कायदे कडक होते. फासा सर्वांसमोर टाकायचा आणि पडलं ते पडलं, पुन्हा टाकणं नाही. ज्या फाशाने कुणाचा जीव घेतला त्याला सगळे उठेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मेलेल्याची कबर नकाशावर त्याच्याच खेळाडूने काढायची.

माझ्यात पहिल्यांदा रंग भरला तो ऑरिन व्हँडेहेने. डेल्मरचा शाळेपासूनचा मित्र, डावा पाय जन्मापासून लुळा, त्याला लोखंडी पट्ट्या. रंग भरून झाला आणि पठ्ठ्याने मला सिमेंटच्या फरशीवर पाडलं. काळ्या तीनाजवळचा कोपरा चेपला.

"झालं! पहिल्याच दिवशी अपंग केलंस त्याला," गस खाटीक म्हणाला.

"अपंग कसला? ओळखीची खूण केली," ऑरिन म्हणाला. "चेपका तीन तो काळा. विसरू नका लेको."

लेको विसरले.

वेलमारमध्ये ऑरिनचा माणूस होता कॅप्टन टोर्वा. तट ओलांडणारा, छपरांवरून धावणारा. जिना उतरायला पाच मिनिटं घेणारा ऑरिन खुर्चीत बसला की टोर्वा व्हायचा आणि पायाच्या पट्ट्यांचा त्याला विसर पडायचा. तेवीस वर्षं त्याने टोर्वाला जगवलं. मुलाला वाढवावं तसं.

दोन हजार चारच्या जानेवारीतला एक रविवार. माझ्यातलं जुनं मेण पार गळून गेलं होतं. मित्र यायच्या आधी डेल्मर घाईघाईने नवा रंग भरत बसला. एक डोळा माझ्यावर, एक टीव्हीवरच्या फुटबॉलवर. लाल खडू फिरला तो दोन्ही तीनांवर फिरला. अरे बाबा, थांब! पण फाशाला कुठली जीभ?

त्याच दुपारी टोर्वा एका पुलावर एकटाच उभा राहिला. मागून साथीदार नदी पार करत होते, समोरून राखेचा राजा भाला उगारून येत होता. टोर्वा आधीच रक्तबंबाळ.

"तेरा किंवा वर पडलं तर भाला लागला. आणि लागला तर संपलं," डेल्मर म्हणाला आणि त्याने मला टाकलं.

मी थांबलो. वर लाल तीन.

गसचा घास हातातच राहिला. "पुन्हा टाक की रे. तेवीस वर्षं झाली!"

"खबरदार!" ऑरिन ओरडला. "पडलं ते पडलं." मग पट्ट्या खडखडवत उठला, नकाशापाशी गेला आणि पुलाशेजारी कबर काढली. तिच्यावर टोर्वाचं नाव सुबक अक्षरात लिहिलं.

सगळे गेल्यावर डेल्मरने मला उचललं. त्याचा अंगठा चेपलेल्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्याने मला उलटसुलट फिरवलं. दुसरा तीनही लाल. पडला होता तो साधा तीन. भाला लागलाच नव्हता.

त्याने फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि खाली ठेवला. "उद्या सांगतो," असं भिंतीला म्हणाला. पंचक्रोशीत त्याच्या टेबलाची ख्याती होती, की तिथे फासा खोटं बोलत नाही. ती इभ्रत त्याला मोडवेना.

तो उद्या तेरा वर्षं लांबला. ऑरिन नवा माणूस घेऊन चार रविवार आला, पण जीव रमेना. मग 'जिना झेपत नाही' म्हणून यायचाच थांबला. मी कॉफीच्या डब्यात. काळा खडू घेऊन चूक सुधारायचीही डेल्मरची छाती झाली नाही. मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

मग ऑरिनची बहीण जॉइस हिचा फोन आला. "फुप्फुसं गेलीत त्याची. यायचं असेल तर या आठवड्यात ये."

डेल्मरने मला शर्टाच्या खिशात टाकलं. गाडीत तो सारखं घोकत होता, "ऑरिन, तो तीन होता. ऑरिन, तो तीन होता." कापडाआडून मला त्याची छाती ऐकू येत होती.

खिडकीपाशी पलंग. ऑरिनचा नुसता हाडांचा सापळा उरलेला. "काय आणलंस? बिअर?"

"हा आणलाय."

"अरेच्चा! हा खुनी अजून जिवंत आहे?" तो हसला आणि खोकत राहिला.

"ऑरिन, मला तुला जरा..."

"आधी माझं ऐक. दम पुरत नाही मला." त्याने डेल्मरचं मनगट धरलं. "जन्मभर लोकांनी मला सवलत दिली रे. मास्तरांनी मार्क दिले, गिरणीने बसायचं काम दिलं. कीव करून. फक्त तुझ्या टेबलावर ती कधी मिळाली नाही. माझा टोर्वा खरा मेला. तेरा पडला आणि मेला. ते आठवलं की बरं वाटतं."

डेल्मरचे ओठ हलले. "हो," तो म्हणाला. "तेराच पडला."

"ठेव त्याला माझ्यापाशी."

डेल्मर गेला. ऑरिन मला बोटांत घोळवत पडून राहिला. अंगठा कोपऱ्यावर गेला. त्याने मला उजेडात धरलं, फिरवलं, दुसरा तीन शोधला. तोही लाल. कितीतरी वेळ पाहत होता. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडला, आवाज न करता.

दुसऱ्या दिवसापासून तो नखाने चेपक्या तीनातलं लाल मेण कोरू लागला. बोटांत जोर नव्हता. दोन दिवस लागले. शनिवारी गेला.

चर्चच्या दालनात लोक अंत्यविधीनंतरचे हॅमचे पाव खात असताना जॉइसने मला डेल्मरच्या हातात ठेवलं. "तुला द्यायला सांगितलं होतं. म्हणाला, 'डेल्मरला म्हणावं, आता बरोबर आहे.' काय बरोबर आहे रे?"

डेल्मरच्या अंगठ्याला तो कोपरा सापडला, त्याशेजारचा रिकामा तीनही सापडला. त्याच्या हातातली बशी कलंडली. "काही नाही गं," तो म्हणाला, "खेळातलं काहीतरी."

घरी येऊन तो रबर घेऊन नकाशासमोर उभा राहिला, कबर पुसायला. पण अक्षर ऑरिनचं. पुसवेना.

तेव्हापासून रविवारी तळघरात कोणी उतरत नाही. मी नकाशाखालच्या फळीवर आहे. ऑरिनने त्याला माफ केलं की शिक्षा दिली, मला ठाऊक नाही. डेल्मर कधीकधी येतो, मला उचलतो, त्या तीनावरून अंगठा फिरवतो आणि ठेवून देतो. उद्या तोही जाईल आणि मी तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती लागेन. तेव्हा एक करा. खडू सापडला तरी त्या तीनात रंग भरू नका. तो रिकामाच राहू द्या.