झटकी

"झटक," दुर्गाबाई पाटलीण म्हणाल्या.

अकरा वर्षांच्या जमुनाने परकराचा ओचा सोडला. वेचणीला आलेल्या साऱ्या बायांदेखत तिच्या पायांशी ओंजळभर कापूस पडला. तिवशाच्या शिवारात कापसाला त्या वर्षी कधी नव्हे तो भाव आला होता. विलायतेला माल धाडणारे दलाल अमरावतीत ठाण मांडून बसले होते आणि इकडे बोंडाबोंडावर पहारा होता.

"माय, हिले अमरावतीले धाडतो," दुर्गाबाईंचा मुलगा खुशालराव म्हणाला. "कचेरीत छड्या बसल्या का समजन."

"लेकरू हाय ते. मार खाऊन कोडगं होईन. तिचं काम सुटनार नाई, मजुरी बी कापनार नाई. फक्त रोज घरी जातानी सगळ्याइच्या समोर परकर झटकन."

या न्यायाचा दुर्गाबाईंना अभिमान वाटला. शिक्षाही झाली आणि पोरही हातचे गेले नाही.

त्यानंतर जमुनाने एक बोंडही लपवले नाही. वेचणीत ती मोठ्या बायांच्या पुढे जाऊ लागली. संक्रांत झाली तशा दुर्गाबाई स्वतः शेतात आल्या. ढिगाशी बसून त्यांनी कापूस मांडीवर घेऊन पारखला, आणि बाया घरी निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "जमुने, पुरे आता. आजपासून झटकू नको."

मुलीने तरीही ओचा सोडला.

"काहून वं? मी सांगून राहिली ना?"

"नाई झटकला त ह्या म्हनतीन, नेला असन."

मागून कोणीतरी हसले. "झटकीच हाय ते."

तेव्हा जमुनाची आई तानुबाई पुढे झाली. माळ्याच्या घरची, पाटलिणीपुढे कधी मान वर न केलेली बाई. "पाटलीनबाई, नांदगावचे पाहुने आले होते पोरीले पाहाले. घर पुसलं त कोनी सांगतलं, झटकीचं का? वट्ट्यावर बी चढले नाई. छड्या बसू दिल्या असत्या त वळ तरी गेले असते आतापावतर."

आपण दिलेली शिक्षा आपण मागे घेतली की संपते, असे दुर्गाबाई जन्मभर समजत आल्या होत्या.

त्या उठल्या. जमुनाच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि साऱ्या मजुरणींसमोर त्यांनी आपल्या लुगड्याचा ओचा सोडून झटकला. पारखताना अडकलेले कापसाचे दोन पुंजके खाली पडले.

कोणी हसले नाही. खुशालराव बैलांकडे पाहू लागला.

जमुना वाकली. पुंजक्यांवरची माती फुंकून तिने ते ढिगावर ठेवले.

दुर्गाबाई ओचा पुन्हा खोचू लागल्या.