बाजूच्या सीटवर

अश्वजीत गजभियेच्या मूर्ती वाहणाऱ्या पिकअपमध्ये दोनच माणसं बसायची सोय होती. स्टेअरिंगमागे तो स्वतः आणि बाजूच्या सीटवर त्याचा हमाल गणपत. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण कांचघर मोहल्ल्यातल्या त्याच्या गल्लीपासून भेडाघाटच्या मूर्तिकारांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाकीचे गाडीवाले आपल्या हमालाला मागे हौद्यात, दगडांच्या सोबतीला बसवत. पुढची सीट मोकळी असली तरी. तिच्यावर मालकाची पिशवी बसे, पाण्याची बाटली बसे, हमाल काही बसत नसे.

अश्वजीतला याचा मनापासून संताप होता, आणि त्याला कारणही होतं. मिसरूड फुटत होतं त्या वयात तो एका शेठकडे हमालीला लागला होता. डिसेंबरातल्या एका सकाळी शेठने त्याला मागे संगमरवरावर बसवलं आणि कुडकुडत शहरात आणलं. उतरताना त्याने पुढे डोकावून पाहिलं तर सीटवर शेठचा जेवणाचा डबा ऐटीत बसलेला. थंडी तो केव्हाच विसरला, तो डबा मात्र विसरला नाही. पुढे कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली तेव्हा ती आधी विहारासमोर नेऊन उभी केली आणि जमलेल्यांना सांगितलं, "माझ्या गाडीत माणूस माणसासारखा बसेल." हे वाक्य त्याचं फार लाडकं होतं. चार लोक जमले की ते यायचंच. राखी, त्याची बायको, हल्ली ते सुरू झालं की चहा टाकायला उठायची.

पण बोलल्याप्रमाणे तो वागत होता, हे कबूल करायला हवं. गणपत राहायचा घमापुरात, वयाने पन्नाशीचा. साऱ्या उमेदीची वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्यांवर ओझी उचलण्यात घालवली होती. दोघांचीही मुळं भंडाऱ्याकडची, त्यामुळे गाडीचं दार लागलं की हिंदी बाहेर राही आणि आत मराठी सुरू होई. मूर्ती बांधावी तर गणपतनेच. भाताच्या तणसाचे पदर असे काही घालायचा, की बुद्धाच्या बोटाचं टोकसुद्धा कधी दुखावलं नाही. काम झालं की गमछाने सीट झटकायची, वर चढायचं आणि दोन्ही कोपरं समोरच्या डॅशबोर्डवर टेकवून, पुढे वाकून रस्ता बघत बसायचं, ही त्याची रीत. खिडकीत बसलेल्या लहान पोराला नसेल इतकी त्याला त्या काचेची अपूर्वाई होती.

रविवारी राखी सोबत यायची. मूर्तीचा चेहरा निवडण्यात तिचा हातखंडा होता, विहारांच्या ऑर्डरी तिच्याच शब्दावर यायच्या. त्या दिवशी गणपत न सांगता मागे जाऊन बसे आणि अश्वजीतला पूर्ण रस्ता चोरट्यासारखं वाटत राही.

थंडी सरता सरता कंपनीचा मेसेज आला. इंग्रजीत होता, राखीने वाचून सांगितला. बाजूच्या सीटपुढची एअरबॅग सदोष निघाली होती. धडक बसली तर ती फुगताना आतला धातूचा डबाच फुटू शकतो आणि त्याचे तुकडे बसलेल्या माणसाच्या अंगात घुसू शकतात. दुरुस्ती मोफत. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. गळ्यात लोखंड घुसण्याला गैरसोय म्हणणारी माणसं कुठल्या गार खोलीत बसून हे लिहितात कोण जाणे.

अश्वजीत दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला गेला. काउंटरवरच्या सचिनने त्याला खुर्ची दिली, गार पाणी दिलं, कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं. फक्त दुरुस्ती दिली नाही.

"पार्ट ही नहीं आया, भैया. पूरे इंडिया में यही हाल है."

"तो तब तक निकाल दो न इसको."

"हाथ नहीं लगा सकते. बारूद का मामला है. बस बगल में किसी को बिठाइए मत. अगले हफ्ते फोन कर लीजिए."

अश्वजीतने मग ओळखीच्या मेकॅनिकला विचारलं. त्यानेही कानाला हात लावले.

घरी राखीने ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "मी नाही बसत त्या सीटवर आता. रविवारी मी आपली स्कूटरनं येईन. आणि गणपतभाऊंना उद्याच सांगा."

"सांगतो."

"उद्याच."

"सांगतो म्हटलं न!"

आणि सांगायचंच होतं त्याला. सकाळी गाडी काढतानाही मनात तेच होतं. गणपत आला, गमछाने सीट झटकली, वर चढला, कोपरं डॅशबोर्डवर टेकवली आणि म्हणाला, "चला भाऊ."

अश्वजीतने तोंड उघडलं. काय म्हणणार होता? मागे बसा? या माणसाला, ज्याला आपण चारचौघांसमोर हात धरून पुढे बसवलं, त्याला आता सांगायचं, की माझी बायको या सीटवर बसणार नाही, तुम्हीही बसू नका, जा तिकडे दगडांवर? आणि भेडाघाटला पोचल्यावर बाकीचे गाडीवाले काय म्हणतील, हेही त्याच्या डोळ्यांसमोर आलं. गजभियेनेसुद्धा शेवटी आपला माणूस मागे टाकला म्हणायचा! खरं सांगायचं तर गणपतच्या मनापेक्षा त्याला त्या लोकांच्या तोंडाचीच धास्ती जास्त होती. एअरबॅग बिघडली आहे असं सांगितलं असतं तर विषय मिटला असता, हे कुणालाही कळेल. पण ज्या गोष्टीवर माणूस आपली सगळी इभ्रत उभी करतो, तिथे त्याची अक्कल पांगळी होते.

"गणपतभाऊ," तो म्हणाला, "जरा मागं टेकून बसा न. आणि पट्टा लावा. पोलीस लई पकडून राहिले आजकाल."

गणपत हसला. "तुमी तं माह्या मायसारखी काळजी करून राहिले, भाऊ." त्याने पट्टा लावला, पाठ टेकवली. घमापूर मागे पडेपर्यंत तसा बसला. मग पट्ट्याने पोट आवळतं म्हणून तो काढला आणि पुन्हा पुढे वाकला.

अश्वजीतने मनाची समजूत घातली, की आठवड्याचा तर प्रश्न आहे.

त्या आठवड्याला काही अंत नव्हता. त्याने फोन केला की सचिन अगत्याने चौकशी करायचा आणि पुढचा आठवडा सांगायचा. होळी झाली. ऊन तापलं. अश्वजीत दोनदा स्वतः जाऊन भांडून आला. दुसऱ्या वेळी तिथे आणखी पाचसहा पिकअपवाले भांडत होते, त्यामुळे त्याला उलट धीर आला. एवढ्या गाड्या फिरतायत, एवढी माणसं बसतायत, कुणाला काय झालं? भीतीलाही सवय होते. सुरुवातीला गणपत पुढे वाकला की अश्वजीतचा पाय ब्रेककडे जायचा. मग तो फक्त खड्ड्यावर जायचा. मग तिथेही जायचा थांबला.

राखीने मध्ये एकदा विचारलंच. "गणपतभाऊंना सांगितलं न? मला तर ते पुढंच बसलेले दिसतात."

"सांगितलं. ते म्हणतात, काही होत नाही."

"अच्छा. आणि तुम्ही ऐकून घेतलं?"

"मोठा माणूस आहे. जबरदस्ती करू का त्यांच्यावर?"

खोटं इतकं सहज निघालं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. नवऱ्याने मनात आणलं तर गाडी उभी करील हे राखीला माहीत होतं, पण गाडी उभी राहिली तर चूलही विझेल हेही माहीत होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. विहाराची मूर्ती घेऊन दोघे भरदुपारी भेडाघाटहून निघाले. गणपत खुशीत होता. मूर्तीचा चेहरा बघून आपल्याला रात्रभर झोप लागेल असं काहीतरी म्हणत होता. पुढे एक ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती. तिच्या आडवी गाय आली, ट्रॉली थांबली, अश्वजीतने ब्रेक दाबला, पण गाडी थोडी घसरलीच आणि ट्रॉलीला जाऊन भिडली. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून शिवी दिली, इतकीच ती धडक. एरवी बंपर ठोकून घेतला असता आणि संध्याकाळी हसत हसत घरी सांगितलं असतं.

आवाज मात्र फार मोठा झाला. केबिन पांढऱ्या धुराने भरली. टायर फुटला असं अश्वजीतला वाटलं, आणि धूर विरला तेव्हा आधी त्याने पाहिलं ते काचेकडे. मग गणपतकडे. गणपतने दोन्ही हातांनी आपला गळा धरला होता आणि तो अश्वजीतकडे बघत होता. काय झालं, असं विचारावं तसं. बोलता त्याला आलं नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने जखम पाहिली आणि विचारलं, "गोली किसने मारी?" दिवस मावळायच्या आत गणपत गेला. मागे हौद्यात तणसात बांधलेली मूर्ती जशीच्या तशी होती. विहारातली माणसं ती उतरवून घेऊन गेली, कारण सण थांबणार नव्हता.

पोलिसांनी ट्रॉलीला धडक असं लिहून घेतलं. कुणी कुठे बसावं, कुणाला काय माहीत होतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. विचारलं ते राखीने.

"सांगितलं होतं न तुम्ही त्यांना?"

"हो न. ऐकलं नाही त्यांनी." मेलेल्या माणसावर ढकलताना त्याचा आवाज फाटला. राखीला वाटलं, दुःखाने. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याला सोसवला नाही.

दिवसकार्य झाल्यावर दोघे घमापुरात गणपतच्या घरी गेले. अश्वजीत टाळत होता, राखीने नेलं. एका खोलीचं घर, भिंतीवर हार घातलेला फोटो. गणपतची बायको भानुमती दाराशीच बसली होती. तिने घरातली एकुलती खुर्ची पुढे केली. अश्वजीत खाली सतरंजीवर बसला.

"पाहा ताई," भानुमती राखीला म्हणाली, "असेच आहेत भैया. ते म्हणतच होते. खुर्ची असून खाली बसणारा मालक हाय." तिने पदराने डोळे टिपले. "इतक्या जणांकडं राबले ते, पण सीटवर बसवणारा एकच भेटला. नातलगांत सांगत फिरत. आपुन पुढं बसून जातो म्हणत, साहेबावानी."

अश्वजीत सतरंजीची दशी ओढत राहिला.

"अन् तुमचं तं लईच कौतुक होतं त्यांले, ताई. म्हणत, वहिनीनं आपली जागा मले दिली. मी मागं बसू नाही म्हणून त्या रविवारी स्कूटरनं येतात, उन्हातान्हात. मालकाच्या बायकोनं असं केलेलं कोणी पायलं का, म्हणत. सांगता सांगता डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या."

राखीला कळायला वेळ लागला नाही. ज्याला कारण सांगितलं असतं, तो माणूस घरी येऊन असं बोलला नसता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"तुम्ही बोलता," तिने हळू विचारलं, "की मी बोलू?"

मग अश्वजीत बोलला. मेसेज आला होता ते सांगितलं. वर्कशॉपच्या चकरा सांगितल्या, सचिनचे आठवडे सांगितले. तो भाग लांबवता येईल तेवढा त्याने लांबवला, पण शेवटी तोही संपला. राखी का बसत नव्हती ते सांगितलं. गणपतला आपण एका शब्दाने सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

भानुमतीने सगळं ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही. तिने फोटोकडे पाहिलं.

"मागं बसले असते तं?"

"वाचले असते, वहिनी."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"मागं बसा म्हणायला जीभ रेटली नाही." त्याला आता रडू आवरेना. "वाटलं, त्यांचा अपमान होईल."

भानुमतीने त्याच्याकडे पाहिलं. चिडून नाही, नवल वाटून.

"साऱ्या उमरभर मागंच बसले ते, भैया," ती म्हणाली. "अन् रोज घरी आले."